इलेक्ट्रिक आरओव्ही: पहिल्या डुबकीपर्यंतचे टप्पे आणि त्यातले खड्डे

आरओव्ही, म्हणजे केबलने जोडून वरून चालवायचं पाण्याखालचं यान, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न खोलीचा विचारतो: किती मीटर जातो? दुसरा कॅमेऱ्याचा. टेदरबद्दल विचारणारा क्वचित भेटतो, आणि पुढचा बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो. टेदर म्हणजे वरच्या चालकाला आणि पाण्याखालच्या यानाला जोडणारी केबल. पाण्यात रेडिओ लहरी लगेच विरतात, जीपीएस चालत नाही. त्यामुळे चित्र वर येणं, हुकूम खाली जाणं आणि काही यानांत वीज पोचणं हे सगळं या एका केबलच्या जिवावर. यान किती दूर जाईल आणि किती प्रवाहात टिकेल हे मोटरपेक्षा टेदर जास्त ठरवतो. पुढचे सगळे टप्पे हे डोक्यात ठेवून वाचा.

इथली माहिती मुख्यतः लहान, निरीक्षणाच्या कामाच्या इलेक्ट्रिक यानांची आहे. साधारण ५ ते २० किलोची, दोन माणसांनी काठावरून किंवा छोट्या बोटीवरून सोडता येतील अशी.

१. आधी काम लिहून काढा, यान नंतर निवडा

कागदावर पाच गोष्टी लिहा: जास्तीत जास्त खोली, काठापासून आडवं अंतर, प्रवाहाचा वेग, पाणी किती गढूळ, आणि शेवटी हातात काय हवं (व्हिडिओ, मोजमाप की एखादी वस्तू). ही पाच उत्तरं नसताना केलेली खरेदी बहुतेक चुकतेच.

इलेक्ट्रिक यानात ढकलणारे पंखे, म्हणजे थ्रस्टर, ब्रशलेस मोटरवर फिरतात. वेग झटकन आणि बारीक बदलता येतो, तेल गळायची भीती नाही, आवाज कमी, वजन कमी. बोटीचा तळ, धरणाची भिंत, पाइपलाइन, पाण्याच्या टाक्या, मत्स्यपालनाची जाळी, बुडालेली वस्तू शोधणं ही त्यांची हक्काची कामं. जोडीला जाडी मोजणारा अल्ट्रासोनिक प्रोब किंवा गंजरोधनाचा व्होल्टेज मोजणारा प्रोब लावता येतो. समुद्रातलं पोलाद सुरक्षित आहे का ते बघताना सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत −०.८० व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण आकडा यायला हवा, हे असलं काम लहान यान उत्तम करतं.

जे जमत नाही तेही ऐकून घ्या. घट्ट बसलेला व्हॉल्व्ह फिरवणं, जाड वायररोप कापणं, सलग जोर लावणं ही हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) वर्क-क्लास यानांची कामं. ती काही टनांची असतात, त्यांना क्रेन लागते. आता मोठी यानंही इलेक्ट्रिक थ्रस्टरची येतात, पण हात आणि हत्यारांसाठी त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पोटात एक हायड्रॉलिक पंप असतोच. लहान यानाची पकड फारतर एखादी वस्तू धरून ठेवते. जड वस्तू काढायची असेल तर यानाने फक्त हुक अडकवायचा आणि वरून दोरीने ओढायचं.

खोलीच्या आकड्याबद्दल एक गोष्ट. दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. १०० मीटरवर १० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सुमारे ८०० किलोचा भार असतो, म्हणजे एका तळहाताएवढ्या जागेवर छोटी गाडी. सर्वांत कमजोर भागाची खोली तीच यानाची खोली. ३०० मीटरच्या यानाला तुम्ही १०० मीटरचा दिवा लावलात, तर यान १०० मीटरचं झालं.

२. वीज कुठून येणार ते ठरवा

दोन पर्याय: बॅटरी यानातच, किंवा वरून टेदरमधून.

वरून वीज पाठवणं ऐकायला सोपं वाटतं, पण हिशेब करून बघा. टेदर १०० मीटर, तांब्याची तार ०.८ चौरस मिलिमीटरची. जाण्या-येण्याचे मिळून २०० मीटर, म्हणजे रोध सुमारे ४.३ ओहम. यानाला ३०० वॅट हवेत आणि तुम्ही २४ व्होल्ट पाठवताय, तर करंट १२.५ अँपिअर आणि तारेतच ५४ व्होल्ट गळायला हवेत. वर आहेतच २४. म्हणजे हे होणारच नाही. तीच वीज ४०० व्होल्टने पाठवली तर करंट पाऊण अँपिअर, आणि गळती तीन-साडेतीन व्होल्ट. म्हणून वरून वीज घेणारी यानं काहीशे व्होल्टवर चालतात, आणि मोठी तर हजारोंवर. तेवढा व्होल्टेज ओल्या डेकवर असेल तर इन्सुलेशनवर सतत नजर ठेवून गळती होताच सप्लाय तोडणारं उपकरण लागतंच. ते नसलेली घरगुती जुळवाजुळव कितीही स्वस्त पडली तरी करू नका.

बॅटरी यानात असेल तर टेदर बारीक राहतो, त्यात फक्त डेटाची तांब्याची जोडी किंवा फायबर. बदल्यात वेळ मर्यादित. १४.८ व्होल्ट, १८ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सुमारे २६६ वॅट-अवर. शांतपणे भिंत बघत फिरलात आणि सरासरी १०० वॅट खर्च झाला तर अडीच तास. सहाही थ्रस्टर जोरात चालवून हजार वॅट खेचलेत तर पाव तास. जाहिरातीत पहिला आकडा असतो, प्रवाहात गेल्यावर दुसरा भेटतो.

चार सेलच्या लिथियम-आयन बॅटरीसाठी लक्षात ठेवायचे आकडे: पूर्ण चार्ज १६.८ व्होल्ट, परतीला लागायचं १४ वर, १२ च्या खाली कधीच नाही, आणि महिनाभर पडून राहणार असेल तर १५.२ च्या आसपास ठेवायची. जोरात चालवताना व्होल्टेज तात्पुरता खाली दिसतो, म्हणून आकडा वाचताना थ्रॉटल सोडून दोन सेकंद थांबा.

विमानाने जाणार असाल तर इथेच मोठा खड्डा आहे. प्रवासी विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी सोबत नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर सामान म्हणून बंदच. २६६ वॅट-अवरची बॅटरी विमानतळावर अडणार म्हणजे अडणार. ती कार्गोने आधी रवाना करा.

३. टेदर: लांबी, जाडी आणि ओढ

लांबीचा हिशेब खोलीवर करू नका. खोली ४० मीटर आणि आडवं अंतर ६० मीटर असेल तर सरळ रेषेतच ७२ मीटर होतात. टेदर पाण्यात सरळ राहत नाही, पोट काढतो. डेकची उंची आणि रीळवरचे शेवटचे वेढेही त्यातच. म्हणून सरळ रेषेपेक्षा किमान एक तृतीयांश जास्त धरा. इथे १०० मीटर.

आता ओढ. ८ मिलिमीटर जाडीचा ५० मीटर टेदर १ नॉट प्रवाहाला आडवा आला, की त्याच्यावर सुमारे साडेसहा किलोचा जोर येतो. १ नॉट म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, चालण्याच्या निम्म्याहूनही कमी वेग. त्याच प्रवाहात यानाच्या स्वतःच्या अंगावर येतो तो जेमतेम दीड किलो. प्रवाह दुप्पट झाला की जोर चौपट होतो: २ नॉटला टेदरवर २६ किलो. त्याचा साधारण निम्मा भार यानाच्या टोकाला येतो, उरलेला बोटीच्या. सहा थ्रस्टरच्या लहान यानाचा पुढचा जोर ९-१० किलोच्या घरात असतो. म्हणजे २ नॉटमध्ये यान जागेवरही टिकत नाही, मग मोटर कितीही चांगल्या असोत. टेदर ४ मिलिमीटरचा घेतलात की ही ओढ थेट निम्मी. लहान यानाने १ नॉटच्या वर काम घेऊ नये असं म्हणतात ते याच गणितामुळे.

प्रवाहाची ओढ चुकवायची एक जुनी युक्ती आहे. बोटीवरून दोरीने एक वजन, समजा १० किलोचं, कामाच्या खोलीच्या थोडं वर सोडायचं. टेदर त्या दोरीला ठरावीक अंतराने क्लिप करत न्यायचा आणि वजनापासून पुढे यानाला १०-१५ मीटर मोकळा ठेवायचा. वरच्या सगळ्या टेदरची ओढ मग दोरी झेलते, यानाला फक्त शेवटचा तुकडा ओढावा लागतो. मोठी यानं ज्यातून खाली सोडतात तो पिंजरा हेच काम करतो.

पिंजऱ्यापुढचा हा शेवटचा तुकडा किती नाजूक जागा आहे हे जपानच्या काइको यानाने दाखवलं. १९९५ मध्ये ते चॅलेंजर डीपच्या, म्हणजे समुद्रातल्या सर्वांत खोल जागेच्या, तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खोल पोचलं होतं. २००३ मध्ये लाँचर (त्याचा पिंजरा) आणि यान यांच्यामधली दुय्यम केबल तुटली आणि यान गेलं.

विकत घेताना टेदरच्या तीन गोष्टी तपासा. एक, आत ताण घेणारे अरामिड धागे आहेत का, आणि ते यानाच्या चौकटीला वेगळे बांधायची सोय आहे का. ताण धाग्यांनी घ्यायचा, कनेक्टरने नाही. दोन, पाण्यात तरंगतो की बुडतो. समुद्राच्या पाण्यात समतोल असलेला टेदर गोड्या पाण्यात हळूहळू तळाला बसतो आणि दगडांत शिरतो. तीन, कमीत कमी किती वळवता येतो. फायबर असेल तर हा आकडा पाळायचाच.

घरी आणल्यावर पहिलं काम: दर ५ मीटरवर रंगीत टेपची खूण, दर २५ वर दुहेरी. खुणा नसलेला टेदर किती बाहेर गेलाय हे कुणालाच सांगता येत नाही.

४. डोळे आणि कान

कॅमेरा महाग असूनही चित्र वाईट येतं, त्यामागे बहुतेकदा दिवे असतात. दिवा कॅमेऱ्याला चिकटून असेल तर पाण्यातले कण उजळतात आणि धुक्यात हाय बीम लावल्यासारखं होतं. दिवे कॅमेऱ्यापासून जितके बाजूला नेता येतील तितके न्या आणि थोडे बाहेर वळवा. गढूळ पाण्यात दिवे कमी केल्यावर बरेचदा जास्त दिसतं.

सपाट काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. भेग किती रुंद हे डोळ्याने सांगायला जाऊ नका. १० सेंटिमीटर अंतरावरचे दोन समांतर लेझर लावा, ठिपके भिंतीवर पडले की मोजपट्टी चित्रातच आली.

आणि जिथे पाण्यात हात पसरला की बोटं दिसत नाहीत, तिथे कॅमेऱ्याचा उपयोग शेवटच्या अर्ध्या मीटरपुरता. तिथे पुढे बघणारा इमेजिंग सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी चित्र काढणारं उपकरण, लागतो. बजेट मर्यादित आणि पाणी गढूळ असेल तर भारी कॅमेरा सोडा, सोनार घ्या. थ्रस्टर सहा असोत की आठ, ही निवड त्यापुढे दुय्यम आहे.

५. कागद आणि पेटी

कागद:

- पाणी ज्यांच्या ताब्यात आहे त्या यंत्रणेची लेखी परवानगी (बंदर, धरण, कालवा, प्रकल्प)
- जवळचे पंप, झडपा, दरवाजे बंद करून कुलूप लावल्याचा परवाना. ओढून घेणाऱ्या तोंडापाशी यान गेलं तर सुटत नाही. पाणबुड्या गेला तर जीव जातो
- विम्याची पॉलिसी. पाण्याखालचं साहित्य त्यात वगळलेलं नाही ना, हे स्वतः वाचा
- बॅटरीचा यूएन ३८.३ (लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठीची) चाचणी अहवाल आणि सुरक्षा माहितीपत्रक
- जुन्या जहाजाच्या अवशेषांजवळ जाणार असाल तर पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी. युनेस्कोच्या २००१ च्या करारात १०० वर्षांहून जास्त काळ पाण्याखाली असलेले अवशेष वारसा धरले आहेत. करार लागू असो वा नसो, हात लावू नका, फक्त बघा

पेटी:

- हातपंप आणि व्हॅक्युम गेज
- सुट्या ओ-रिंग (जोडांत पाणी अडवणाऱ्या गोल रबरी रिंगा), प्रत्येक मापाच्या किमान दोन, आणि सिलिकॉन ग्रीस
- प्लास्टिकची ओ-रिंग काढणी, धागे न सुटणारे पुसणे
- सिलिका जेलच्या पुड्या
- ५०, १०० आणि २०० ग्रॅमची वजनं, फोमचे तुकडे, झिप टाय
- मल्टिमीटर, अॅलन चाव्या, सुटा पंखा आणि त्याचे स्क्रू
- धारदार सुरी, हुक असलेली लांब काठी, २० लिटर गोडं पाणी
- स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून गडद कापड. हे विसरलेली टीम दिवसभर स्वतःचा चेहरा स्क्रीनमध्ये बघते

६. यान बंद करणं: इथे घाई नको

पाणी आत शिरतं ते खोलीमुळे कमी, निष्काळजी बंद केल्याने जास्त. ओ-रिंगवर आडवा पडलेला एक केस पुरतो.

ओ-रिंग प्लास्टिकच्या काढणीने काढा, स्क्रूड्रायव्हरने नाही. खाचेवर ओरखडा पडला की तो कायमचा गळतीचा रस्ता. खाच पुसा. रिंग दोन बोटांमधून सगळी फिरवा: चीर, सपाट झालेली बाजू, वाळूचा कण हाताला कळतो, डोळ्याला नाही. ग्रीस इतकंच की रिंग चमकेल. गोळे दिसले तर जास्त झालं, आणि जास्त ग्रीस कचरा धरून ठेवतं. अॅक्रिलिकचा घुमट असेल तर तो अल्कोहोलने पुसू नका. बारीक तडे जातात आणि ते दाबाखाली वाढतात. साबणाचं पाणी पुरे.

बंद करण्याआधी सिलिका जेल आत टाका. दमट हवेत बंद केलेलं यान थंड पाण्यात गेलं की घुमटावर आतून दव धरतं, आणि मग ते पुसायला वर यावं लागतं.

मग व्हॅक्युम चाचणी. व्हेंटच्या (हवा आत-बाहेर करायच्या भोकाच्या) तोंडाला पंप लावून १० इंच पारा एवढा व्हॅक्युम ओढा आणि १५ मिनिटं थांबा. एका इंचापेक्षा कमी उतरला तर ठीक. जास्त उतरला तर एकेक जोड तपासा. सर्वांत आधी तोच, जो शेवटचा उघडला होता. चाचणी सावलीत करा. यान उन्हात तापून आत ५ अंश वाढले तरी गेज पाव ते अर्धा इंच सरकतं, आणि नसलेली गळती दिसते. उलट तापलेलं यान गार होत असेल तर असलेली गळती झाकली जाते, जे जास्त वाईट.

या चाचणीनंतरची चूक सगळ्यांत जास्त घडते: पंप काढला, सगळे खूश, आणि व्हेंटचं बूच लावायचं राहिलं. बूच लावणाऱ्याने ते मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने बोटाने चाचपून हो म्हणायचं. वाटतं पोरकट, पण उपयोग होतो.

७. तरंगण्याचा तोल

यान सगळ्या साहित्यासकट पाण्यात सोडा आणि थ्रस्टर बंद ठेवून बघा. ते अगदी हळू, १००-२०० ग्रॅमच्या जोराने वर यायला हवं. पूर्ण समतोल करायचा मोह टाळा. किंचित वर येणाऱ्या यानाला खोली धरून ठेवायला थोडं खाली ढकलावं लागतं, म्हणजे पंख्याचं पाणी वर फेकलं जातं आणि तळाचा गाळ उडत नाही. शिवाय वीज गेली तर यान आपोआप वर येतं.

फोम वर, वजन खाली. दोन्ही एकाच उंचीवर लावलं तर यान डुलत राहतं आणि व्हिडिओ बघणाऱ्याला गरगरतं. फोम दाबाला टिकणारा हवा. पोहण्याच्या तलावातला मऊ फोम १५-२० मीटरवरच चेपून लहान होतो, उचल कमी होते आणि वर समतोल असलेलं यान खाली जड होतं.

पाणी बदललं की तोल पुन्हा करा. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. १० लिटर आकारमानाच्या यानाला समुद्रात २५० ग्रॅम जास्त उचल मिळते. तलावात नीट जुळवलेलं यान समुद्रात बुडायला तयार होत नाही ते यामुळे. तोल करण्याआधी यान पाण्यात हलवून चौकटीत अडकलेले बुडबुडे काढा, नाहीतर तुम्ही बुडबुड्यांचा तोल करत बसाल.

८. पाण्यात सोडताना

किमान तीन माणसं: चालक, टेदर सांभाळणारा आणि बोटीवर नजर ठेवणारा. चालकाला सगळे मान देतात, पण डुबकी वाचवतो तो टेदरवाला. अनुभवी माणूस तिथे ठेवा, नवख्याच्या हाती जॉयस्टिक दिली तरी चालेल.

शब्द आधी ठरवा: "सोड", "धर", "ओढ", "थांब". प्रत्येक शब्द टेदरवाल्याने परत उच्चारायचा आणि मीटरचा आकडा सांगायचा: "सोडला, तीस." हातातला टेदर सैल नको, ताठ नको, दोन बोटांत यानाची हालचाल जाणवेल एवढाच.

बोट नांगरलेली हवी, इंजिन बंद, आणि किल्ली टेदरवाल्याच्या खिशात. पंख्यात गेलेला टेदर परत येत नाही. यान त्या बाजूने सोडा जिथून प्रवाह टेदरला बोटीपासून दूर नेईल. भरती-ओहोटीच्या पाण्यात वेळ ओहोटी-भरतीच्या मधल्या थांबलेल्या पाण्याची धरा, आणि त्याच्या अर्धा तास आधी तयार राहा.

सोडण्याआधी: प्रत्येक थ्रस्टर दोन-तीन सेकंद फिरवून दिशा बघा. हवेत जास्त फिरवू नका, बऱ्याच थ्रस्टरची बेअरिंग पाण्यानेच वंगण घेतात. खोलीचा आकडा शून्य करा. आतल्या गळतीच्या सेन्सरला यान बंद करण्याआधीच ओलं बोट लावून अलार्म वाजतो का बघितलेलं असावं. रेकॉर्डिंग सुरू आहे का, हे चालकाने सांगायचं आणि दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं.

पहिला थांबा १ मीटरवर, दोन मिनिटं. बुडबुड्यांची सलग रेघ येत असेल तर वर घ्या. दुसरा थांबा ५ मीटरवर. कमी दाबावर ओ-रिंग नीट बसलेली नसते, त्यामुळे गळणारं यान बहुतेकदा इथेच गळतं.

९. खाली गेल्यावर

आधी खोली-धरण (यान आपोआप त्याच खोलीवर ठेवणारी सोय) सुरू करा, मग दिशा-धरण (तोंड एकाच दिशेला ठेवणारी). पोलादी जहाजाजवळ होकायंत्र खोटं बोलतं. दिशा-धरण चालू असेल तर यान स्वतःभोवती फिरायला लागतं. तिथे ते बंद करून हाताने चालवा.

लक्ष्याकडे प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून या. प्रवाहाबरोबर आलात तर ब्रेक लागत नाही आणि टेदर तुमच्यापुढे जाऊन अडकतो. तळापासून एक मीटर वर राहा. एकदा गाळ उडाला की तो खाली बसेपर्यंत काही मिनिटं गप्प थांबणं हाच उपाय. थ्रस्टर मारून तो हटत नाही, वाढतो.

यानाने किती गिरक्या घेतल्या ते मोजा. सॉफ्टवेअरमध्ये मोजणी असेल तर स्क्रीनवर आणा, नाहीतर कागदावर रेघा मारा. उजवीकडे पाच गिरक्या झाल्या असतील तर परतण्याआधी डावीकडे पाच घ्या. पीळ राहिलेला टेदर वर येताना गाठी मारतो, आणि फायबर असेल तर गाठीत तुटतो.

गेलात त्याच वाटेने परत या. खांबाच्या उजवीकडून गेलात तर येतानाही तसंच. "सरळ वर येऊ" म्हणणाऱ्यांचे टेदर खांबांना वेढलेले सापडतात.

१०. अडकलं तर

ओढू नका. पहिला हुकूम "थांब", आणि तो वर आणि खाली दोघांनी पाळायचा. सगळे थ्रस्टर बंद. दोन मिनिटं नुसतं कॅमेऱ्यातून बघा.

मग यान मागे वळवा आणि स्वतःचाच टेदर कॅमेऱ्यात धरून त्याच्या कडेने परत जा. अडकलेली जागा अशी सापडते. टेदरवाल्याने फक्त सैल झालेला तुकडा हळूहळू आत घ्यायचा. वेढा ज्या दिशेने पडला, त्याच्या उलट दिशेने यान फिरवून सोडवायचा.

थ्रस्टर अडकला असेल तर बहुतेक मासेमारीची नायलॉन दोरी असते. करंटचा आकडा वाढलेला दिसेल, किंवा यान एका बाजूला ओढलं जाईल. त्या थ्रस्टरला जोर देऊन दोरी तुटत नाही, आणखी घट्ट बसते आणि मोटरचा कंट्रोलर जळतो. तो थ्रस्टर सॉफ्टवेअरमधून बंद करा आणि उरलेल्यांवर परत या.

काहीच जमलं नाही तर टेदरला तरंगता बोया बांधा, जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या, बोट सोडवा आणि थांबलेल्या पाण्यात परत या. रागाने ओढून टेदर तुटला की यानाची जागाच हरवते.

११. वर आल्यावर

बॅटरी लगेच काढायची घाई असते, पण आधी यान गोड्या पाण्यात १५ मिनिटं बुडवून ठेवा आणि थ्रस्टर त्यातच हळू फिरवा. वरून पाइपने मारलेलं पाणी मोटरच्या आतलं मीठ काढत नाही. नंतर कोरडं पुसा, आणि उघडताना पहिलं बूच व्हेंटचं, तेही चेहरा बाजूला ठेवून. आत पाणी शिरलं असेल किंवा बॅटरीतून वायू सुटला असेल तर आतला दाब झाकण उडवू शकतो.

अॅल्युमिनियमच्या चौकटीतले स्टेनलेस स्क्रू दर काही डुबक्यांनंतर काढून ग्रीस लावून परत बसवा, नाहीतर दोन धातूंच्या मधली गंज त्यांना कायमचं जोडून टाकते. चौकटीऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा अॅनोड अर्धा झिजला की बदला. तो रंगवू नका. रंगवलेला अॅनोड म्हणजे नुसतं वजन.

टेदर ओल्या कापडातून ओढत, बोटांनी चाचपत आत घ्या. कापलेली, चेपलेली किंवा फुगलेली जागा लागली की तिथे टेप बांधा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. रीळ नसेल तर टेदर आठच्या आकारात घाला, गोल वेढ्यांत नाही; गोल वेढा प्रत्येक फेरीला एक पीळ देतो, आठमध्ये एक पीळ दुसऱ्याला मारतो. वहीत त्याच पानावर तारीख, खोली, पाण्यातला वेळ, सुरुवातीचा आणि शेवटचा व्होल्टेज, व्हॅक्युम किती उतरला आणि गिरक्यांची बाकी. पुढच्या वेळी व्हॅक्युम नेहमीपेक्षा पाव इंच जास्त उतरला तर हे पान बघून कळेल की रिंग बदलायची वेळ झाली आहे.